नळीचे पंख आणि एका शब्दाचा खटला

हौसेने बांधल्या जाणाऱ्या रॉकेटांचा इतिहास हा वरवर पाहता यंत्रविद्येचा प्रांत. साहित्याच्या अभ्यासकाने तिकडे का वळावे, असा प्रश्न कोणी केला तर तो रास्तच म्हणावा लागेल. परंतु या छंदाचा अमेरिकेतील इतिहास वाचू लागल्यावर ध्यानात येते की तो जितका पुठ्ठ्याच्या नळ्यांचा आणि इपॉक्सीचा आहे, तितकाच व्याख्यांचाही आहे. आणि त्यातला सर्वांत मोठा लढा मैदानावर नव्हे, तर न्यायालयात, एका क्रियापदाच्या अर्थावरून झाला.

प्रथम पंखांविषयी. रॉकेट सरळ जावे यासाठी काही ना काही युक्ती करावी लागते. दिवाळीतल्या बाणाची काडी हे तिचे जुने रूप. म्हैसूरच्या फौजेचे बाण लांब बांबूला बांधलेले असत. त्यांच्यापासून धडा घेऊन विल्यम काँग्रीव्ह याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात जी रॉकेटे बनवली, तीही काडीचीच. १८४४ साली विल्यम हेल याने काडी टाकून दिली आणि रॉकेटच स्वतःभोवती फिरते केले. १६ मार्च १९२६ रोजी रॉबर्ट गॉडार्ड याने मॅसॅच्युसेट्समधील ऑबर्न येथे द्रव इंधनाचे पहिले रॉकेट उडवले, तेव्हा इंजिन वर आणि टाक्या खाली अशी रचना केली होती. वरून ओढले म्हणजे सांगाडा आपोआप सरळ राहील, ही कल्पना मोहक असली तरी चुकीची होती आणि पुढे ती त्याने सोडली.

खरा नियम असा, की हवेचा दाब जेथे एकवटतो तो दाबमध्य गुरुत्वमध्याच्या मागे, निदान नळीच्या एका व्यासाइतका तरी, असला पाहिजे. तो कोठे पडतो हे कागदावर काढण्याची सुटसुटीत रीत जेम्स बॅरोमन या नासातील अभियंत्याने १९६६ मध्ये छांदिष्टांपुढे मांडली. तोवर एक उपाय असा होता : रॉकेट गुरुत्वमध्याशी दोरीला बांधून डोक्याभोवती गरगर फिरवायचे आणि नाक पुढे राहते की नाही ते पाहायचे.

बॅरोमनची समीकरणे पातळ, सपाट पंख गृहीत धरतात. नळीपंखी रॉकेट नेमके या गृहीतकाच्या बाहेर उभे आहे. त्याला सपाट पंख नसतात. शेपटाशी, अंगाच्याच नळीतून कापलेले सहा तुकडे भोवती चिकटवलेले असतात. एका वर्तुळाभोवती त्याच आकाराची बरोबर सहा वर्तुळे बसतात, प्रत्येक आपल्या दोन्ही शेजाऱ्यांना आणि मधल्याला स्पर्श करून. ही भूमितीची देणगीच म्हणायची, कारण पंख काटकोनात आहेत की नाहीत हे मोजायची गरजच उरत नाही. सहाही तुकडे एकमेकांना आधार देतात, त्यामुळे जमिनीवर आपटल्यावर सपाट पंख जसे मुळाशी मोडतात तसे हे सहसा मोडत नाहीत. हवेचा अडथळा मात्र वाढतो. नळीपंखी रॉकेट उंचीचा विक्रम करायला काढलेले नसते. ते सावकाश, धूर सोडीत, दिसेल असे वर जाते. (मला तरी त्यात उणेपणा वाटत नाही.) लहान रॉकेटाची परीक्षा दोरीने होते, पण पुरुषभर उंचीचे, काही किलो वजनाचे धूड डोक्याभोवती कोण फिरवणार? येथे बांधणाऱ्याला लहान प्रतिकृती, अंदाजी समीकरणे आणि नाकात घातलेले वजन यांवर भिस्त ठेवावी लागे. आजच्या संगणकीय आज्ञावल्या नळीपंखांचाही हिशेब देतात.

असे धूड उडवण्याची मुभा सामान्य नागरिकाला मिळाली कशी? नेब्रास्कातील नॉरफोक येथे जोड्यांचे दुकान चालवणारा ऑरव्हिल कार्लाइल याने १९५४ च्या सुमारास कागदी अंगाचे, बदलत्या इंजिनाचे, हवाई छत्रीने उतरणारे रॉकेट बनवले. १९५७ च्या आरंभी त्याने जी. हॅरी स्टाइन याला पत्र लिहिले. स्टाइन हा न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स या चाचणीक्षेत्रावरचा माणूस. रॉकेटांच्या सुरक्षिततेवरील त्याचा लेख कार्लाइलने वाचला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्पुटनिक उडाले आणि अमेरिकेतली मुले तळघरांत दारू कालवू लागली. काहींची बोटे गेली, काहींचे डोळे. स्टाइनचे उत्तर असे होते : मुलाने इंधनाला हात लावायचाच नाही, इंजिन कारखान्यातले, बाकी सर्व घरचे. हा स्टाइन ली कॉरी या नावाने विज्ञानकथाही लिहीत असे, हे येथे सांगितले पाहिजे. १९६५ मध्ये निघालेली त्याची हस्तपुस्तिका आणि संघटनेची सुरक्षासंहिता या दोन मजकुरांनी छंदाला अग्निशमन अधिकाऱ्यांच्या दारात उभे राहण्याची भाषा दिली : हे फटाके नव्हेत.

१९८० च्या दशकात मुले मोठी झाली होती आणि इंजिनेही. या इंजिनांना अक्षरांची श्रेणी आहे आणि प्रत्येक अक्षराला आवेगाची मर्यादा दुप्पट होते. ‘जी’ची कमाल १६० न्यूटन-सेकंद, ‘एच’ची ३२०. ‘एच’पासून पुढे उच्चशक्ती. त्यांतले इंधन अमोनियम परक्लोरेट रबरी बंधकात कालवलेले, अंतराळयानाच्या घन बूस्टरांत होते त्याच जातीचे. ते अमेरिकेच्या दारू, तंबाखू व शस्त्रास्त्रे खात्याच्या स्फोटकांच्या यादीत होते. खात्याने ६२.५ ग्रॅमपर्यंत सूट दिली. त्यावर परवाना, कोठाराची तपासणी, आणि २००२ च्या कायद्यानंतर राज्यातल्या राज्यात खरेदी करतानाही बोटांचे ठसे.

त्याआधीच, २००० साली, ट्रिपोली आणि राष्ट्रीय रॉकेट संघटना या दोन संस्था न्यायालयात गेल्या होत्या. कायद्यातली व्याख्या सांगते, की ज्याचा मुख्य वा सर्वसामान्य हेतू स्फोटाने कार्य करणे हा आहे ते स्फोटक. खात्याचे म्हणणे, हे इंधन ‘डिफ्लॅग्रेट’ होते आणि तोही स्फोटाचाच प्रकार. आपल्याकडे जळणे आणि स्फोट होणे यांच्यामध्ये ‘भडका’ हा शब्द आहे. भडक्याची हद्द कोठे सुरू होते, एवढाच प्रश्न. छंदिष्टांच्या इंजिनात हे इंधन सेकंदाला काही मिलिमीटर या वेगाने जळते. मग वेगाची कोणती रेघ ओलांडली म्हणजे जळणे संपून भडका सुरू होतो? खात्यापाशी अशी रेघ नव्हती. फेब्रुवारी २००६ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने नेमके हेच बोट ठेवले : इंधन स्फोटक नाही असे त्याने म्हटले नाही; खात्याच्या विवेचनात सुसंगत कसोटी नाही, ती द्या, असे म्हटले. त्याच वर्षी खात्याने जुनाच निष्कर्ष पुन्हा मांडला. १६ मार्च २००९ रोजी, म्हणजे गॉडार्डच्या उड्डाणाला ८३ वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, न्यायाधीश रेजी वॉल्टन यांनी तो रद्द केला आणि इंधन यादीतून गेले.

समीक्षेत आपण ज्याला संज्ञेची व्यवस्था म्हणतो, तिच्या अभावी सरकार हरल्याचे असे उदाहरण क्वचितच सापडेल. संघटनांनी ‘आम्ही सज्जन आहोत’ असे सांगून भागवले असते तर निकाल वेगळा लागला असता, असे मला वाटते. त्यांनी मापाचा आग्रह धरला, आणि हा आग्रह त्यांना एका व्यासाच्या अंतराने आधीच शिकवला होता.

निकालाने सर्वच दारे उघडली असे नाही. हवाई प्रशासनाची संमती, जमीनमालकाची परवानगी, इंजिनाच्या अक्षरानुसार ठरलेले प्रेक्षकांचे अंतर, हे सारे कायम आहे. ‘एच’ अक्षराची इंजिने घेण्याची मुभा मिळवण्यासाठी उमेदवाराला स्वतः बांधलेले रॉकेट साक्षीदारासमोर उडवावे लागते, आणि ते छत्रीने उतरून पुन्हा उडवण्याजोग्या स्थितीत हाती आले, तरच कागदावर सही होते. त्याला नळीचे पंख असले तरी चालतात.