राज्य फुलपाखरू ‘राणी पाकोळी’ : लिंबाच्या झाडावरची अळी मारण्याआधी हे वाचा

शेकरू राज्यप्राणी, हरियाल राज्यपक्षी, हे शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. पण राज्याला फुलपाखरूही आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. २०१५ साली ब्ल्यू मॉर्मन म्हणजेच राणी पाकोळीला हा मान मिळाला. राज्य फुलपाखरू जाहीर करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. याला नीलवंत असंही म्हणतात.

ओळखायला सोपं आहे. पंख मखमली काळे, त्यावर फिकट निळे पट्टे, मागच्या पंखांवर निळ्यात काळे ठिपके. पंख पसरले की १२ ते १५ सेंटीमीटर. सह्याद्रीची जंगलं, दक्षिण भारत आणि श्रीलंका हा त्याचा मुलूख. पावसाळ्यात आणि त्यानंतर जास्त दिसतं, जंगलाजवळच्या परसबागेतही येतं. उडतं वेगात, वरखाली हेलकावे घेत. ओढ्याकाठच्या ओल्या मातीवर बसलेलं दिसलं तर तो बहुतेक नर समजा. मातीतले क्षार शोषायला तो बसतो.

आता आपल्या कामाचं. मादी अंडी घालते ती लिंबू, पपनस, रानातला माकडलिंबू अशा लिंबूवर्गीय झाडांच्या पानांवर, एकेक सुटं. लहान अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, त्यामुळे पक्षी तिच्याकडे ढुंकून बघत नाहीत. मोठी झाली की हिरवीगार. डिवचली तर डोक्यामागून दुफाट्या शिंगासारखा अवयव बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. घाबरू नका, चावत नाही की डसत नाही. पुढे रेशमाच्या धाग्याने स्वतःला फांदीला बांधून ती कोष करते.

लिंबावर पानं खाणाऱ्या सगळ्या अळ्या याच्याच नसतात, बरं का. बागेत खरा त्रास देणारं लिंबाचं फुलपाखरू वेगळं, आकाराने लहान, पिवळ्या-काळ्या नक्षीचं. लहानपणी दोघांच्या अळ्या सारख्याच दिसतात. रोपवाटिकेत किंवा नव्या लागवडीत अळ्या वेचाव्याच लागतात, कोवळी रोपं त्या बोडकी करतात. पण दारातल्या मोठ्या झाडावर चार-पाच अळ्या दिसल्या म्हणून लगेच पंप पाठीवर घेऊ नये. तेवढ्या पानांनी झाडाचं काही बिघडत नाही. फारच वाटलं तर अळी पानासकट उचलून बांधावरच्या माकडलिंबावर सोडावी. आणि बांध साफ करताना ते झुडूप तोडू नये.