निरोगी डोळ्यातील पिवळे रंगद्रव्य : मोजतात कसे आणि आकड्याचा अर्थ काय?

डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी मॅक्युला म्हणजेच पीतबिंदू नावाचा छोटासा भाग असतो. वाचणे, सुईत दोरा ओवणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे ही बारीक नजर या भागाची. इथे ल्युटीन आणि झियाझँथिन ही पिवळी द्रव्ये साठतात. ती मुख्यतः अन्नातून येतात आणि प्रकाशातला निळा भाग शोषून घेतात. पडद्याला आतून लावलेला पिवळा चष्माच म्हणा ना.

मोजणी कशी होते?

सर्वांत रूढ पद्धत लुकलुकत्या प्रकाशाची. यंत्रात निळा आणि हिरवा प्रकाश आलटून पालटून येतो. पिवळे द्रव्य निळा शोषते, हिरवा जवळजवळ नाही. लुकलुक कमीत कमी दिसेपर्यंत तुम्ही निळ्याची तीव्रता बदलता. मग नजर जरा बाजूला ठेवून, म्हणजे पडद्यावर जिथे हे द्रव्य नगण्य असते त्या जागी, तेच पुन्हा करता. दोन्हींतील फरकावरून घनता काढतात. दुखत नाही, थेंबही लागत नाहीत. मात्र उत्तर तुमच्या लक्षावर अवलंबून असते. दमलेल्या माणसाचा आकडा दुसऱ्या दिवशी वेगळा येऊ शकतो.

पडद्याचे विशिष्ट प्रकाशात फोटो घेऊनही मोजणी होते. संशोधनात सी. व्ही. रामन यांनी 1928 साली शोधलेल्या परिणामाचाही वापर झाला आहे.

आकडा काय सांगतो?

0.3 घनता असेल तर त्या जागी सुमारे निम्मा निळा प्रकाश अडतो. 0.6 असेल तर तीन चतुर्थांश, 0.1 असेल तर जेमतेम पाचवा हिस्सा. निरोगी माणसांतही हा आकडा खूप वेगवेगळा असतो. चेन्नईच्या शंकर नेत्रालयातील संशोधकांनी निरोगी प्रौढांमध्ये केलेली मोजणी 2011 मध्ये प्रसिद्ध झाली. पण साखर किंवा हिमोग्लोबिनसारखी ‘याखाली आजार’ अशी सर्वमान्य रेषा इथे नाही.

प्रकाशा परिसरातले पन्नाशीचे एक शेतकरी काका मध्यंतरी तपासणीची चिठ्ठी घेऊन आले. 0.22, शेजारी ‘कमी’ असा शेरा आणि पिशवीत तीन महिन्यांच्या कॅप्सूल. नेत्रतज्ज्ञांना पडदा निरोगी आढळला होता. रक्तदाब मात्र 168/100 निघाला, तो कित्येक वर्षांत कोणी मोजलाच नव्हता. डोळ्याच्या पडद्याला धोका होता तो तिथून.

मग गोळ्या घ्याव्यात का?

अमेरिकेतील एरेड्स-2 या मोठ्या अभ्यासात (2013) रोज 10 मिलिग्रॅम ल्युटीन व 2 मिलिग्रॅम झियाझँथिन तपासले गेले. तो अभ्यास पीतबिंदूची झीज आधीच सुरू झालेल्या लोकांवर होता. निरोगी डोळ्यांत गोळ्यांनी आजार टळतो असे त्यातून सिद्ध होत नाही. गोळ्यांनी आकडा वाढू शकतो, पण आकडा वाढणे म्हणजे आजार टळणे नव्हे. धूम्रपान करणाऱ्यांनी, पूर्वी केलेल्यांनीही, बीटा-कॅरोटीन असलेल्या गोळ्या टाळाव्यात. त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

मेथी, पालक, शेवग्याचा पाला, पिवळा मका, अंड्याचा पिवळा बलक यांत ही द्रव्ये असतात. भाजीला तेलाची फोडणी हवीच, ती चरबीसोबतच शोषली जातात. आपल्याकडची पपई चांगलीच, पण तिचा केशरी रंग प्रामुख्याने दुसऱ्या द्रव्यांचा. पांढऱ्या मक्यात तर ही जवळजवळ नसतातच.

एक सांगायलाच हवे. तापीला सूर्यकन्या मानतात आणि घाटावर अर्घ्य देताना काही जण सूर्याकडे टक लावून पाहतात. हे पिवळे द्रव्य कितीही असले तरी त्यापासून वाचवत नाही. पडदा भाजतो, दुखत नाही म्हणून कळतही नाही. अर्घ्य नजर खाली ठेवून द्यावे.

नेत्रतज्ज्ञांकडे कधी जावे?

एकेक डोळा झाकून दाराच्या चौकटीकडे पाहा. सरळ रेषा वाकडी दिसली किंवा मधोमध काळसर डाग दिसला तर त्याच आठवड्यात जा, अचानक झाले असेल तर त्याच दिवशी. मधुमेह असेल तर काही त्रास नसतानाही वर्षातून एकदा पडदा तपासून घ्या.