हेलसिंकी ते टोकियो: अंतर तेच, तास वेगळे

दोन विमानतळांमधलं अंतर काही बदलत नाही. मग पोचायला लागणारा वेळ का बदलतो? इंजिन, वारा ही कारणं आहेतच. पण माझ्या मते मोठं कारण जमिनीवरच्या राजकारणात असतं. फिनलंडचं उदाहरण बघा.

हेलसिंकी ते टोकियो सरळ हवाई अंतर साधारण ७,८०० किलोमीटर. मुंबई-लंडनपेक्षा थोडंसंच जास्त. पण ही सरळ वाट जवळजवळ सगळी रशियावरून जाते, आणि खरी गोम तिथेच आहे.

शीतयुद्धात सोव्हिएत संघाने सैबेरियाचं आकाश परक्या विमानांना खुलं ठेवलं नव्हतं. पुढे मोजक्या कंपन्यांना परवानगी मिळाली, तीही मॉस्कोत उतरण्याच्या अटीवर. म्हणून स्कँडिनेव्हियाच्या एसएएस कंपनीने १९५७ मध्ये कोपनहेगन-टोकियो विमान उत्तर ध्रुवाच्या बाजूने, अलास्कातल्या अँकरेजला इंधन भरून न्यायला सुरुवात केली. एप्रिल १९८३ मध्ये फिनएअरने डीसी-१० विमानात जादा टाक्या बसवल्या आणि ध्रुवावरून, बेरिंगच्या सामुद्रधुनीतून, कुठेही न थांबता टोकियो गाठलं. वेळ लागला सुमारे १३ तास.

हा वळसा हौसेचा नव्हता. त्याच वर्षी १ सप्टेंबरला कोरियाचं प्रवासी विमान भरकटून सोव्हिएत हद्दीत शिरलं. लढाऊ विमानाने ते पाडलं. २६९ माणसं गेली.

पुढे संबंध निवळले, सैबेरियाची वाट मोकळी झाली आणि हाच प्रवास साडेनऊ तासांच्या आसपास आला. रशिया त्यासाठी घसघशीत शुल्क घेत होता, तरी परवडत होतं. युरोपातून आशियाला जायची जवळची वाट म्हणजे हेलसिंकी, या एका गोष्टीवर जेमतेम ५५ लाख वस्तीच्या देशातल्या कंपनीने आपला धंदा उभा केला.

फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला. युरोपने रशियन विमानांना आकाश बंद केलं, रशियाने उलट तेच केलं. फिनएअर पुन्हा ध्रुवावरून जाऊ लागली आणि पुन्हा १३ तास! विमानं नवी, कमी इंधन पिणारी, पण घड्याळ १९८३ चं. चिनी कंपन्या मात्र रशियावरून सरळ उडत राहिल्या.

आपल्यालाही हे नवीन नाही. २०१९ मध्ये बालाकोटनंतर पाकिस्तानचं आकाश जुलैपर्यंत बंद होतं. एप्रिल २०२५ मध्ये ते भारतीय विमानांना पुन्हा बंद झालं, आपणही त्यांना बंद केलं. जास्त फटका दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्यांना बसला.

असे निर्णय देशासाठी घ्यावे लागतात, हे मान्यच. पण त्यांचा हिशेब फक्त सरकारी निवेदनात नसतो. जास्तीचं इंधन, वाढलेलं तिकीट, चुकलेलं पुढचं विमान, हे सगळं शेवटी प्रवाशाच्याच खात्यात येतं. तेव्हा तिकीट महाग दिसलं की विमान कंपनीला शिव्या घालण्याआधी एकदा नकाशाही उघडून बघा. तुमचं विमान कुठे वळसा घालतंय?