तीन कुलपं आणि एक मोबाईल



आज आपण किल्लीचा इतिहास बघू या. आपल्या घरच्या पेटीची किल्ली कुठून कुठे गेली आणि आज ती कोणाच्या हातात आहे, एवढंच आजच्या गप्पांचं सूत्र.

घरातल्या कागदांची जुनी जागा म्हणजे पत्र्याची ट्रंक. सातबारा, रेशनकार्ड, पोरांचे शाळेचे दाखले, सोनाराची पावती, सगळं एका फडक्यात बांधून तळाशी ठेवलेलं. किल्ली घरातल्या बाईच्या कमरेला. कागदावर नाव बहुतेक वेळा पुरुषाचंच असायचं, पण कोणता कागद कुठल्या घडीत आहे हे तिलाच ठाऊक. तिला विचारल्याशिवाय ट्रंक उघडत नसे.

१८८२ साली आपल्या देशात पोस्टाची बचत बँक सुरू झाली. पुढे हळूहळू ट्रंकेत पासबुक आलं. पैसा घराबाहेर गेला, तरी त्याचा हिशेब घरात राहिला. पासबुक उघडलं की शिल्लक दिसायची. वाचता येत नसेल तर शेजारची पोरगी वाचून दाखवायची.

मग आले आपले बचत गट. १९९२ मध्ये नाबार्डने बचत गटांना बँकेशी जोडण्याचं काम प्रायोगिक पातळीवर हाती घेतलं. सुरुवातीचं लक्ष्य होतं ५०० गटांचं. आज गाव तिथे गट दिसतात. गटाच्या खात्याची एक रीत तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. पैसे काढायचे तर अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष यांपैकी दोघींच्या सह्या लागतात. एकटीच्या सहीवर पैसा हलत नाही. यात कोणावर अविश्वास नसतो. उलट, त्यामुळेच कोणावर आळ येत नाही.

जवळपास त्याच काळात, १९९१ मध्ये, आफ्रिकेतल्या नायजर देशात मराडी भागातल्या बायकांचे बचत गट उभे राहिले. केअर या संस्थेने ते काम सुरू केलं होतं. तिथे बँक जवळ नव्हती. म्हणून अशा गटांमध्ये लोखंडी पेटी वापरायची रीत पडली. पेटीला तीन कुलपं. तीन किल्ल्या तिघींकडे आणि पेटी चौथीच्या घरी. चौघी एकत्र आल्या तरच पेटी उघडायची, तीही सगळ्या गटासमोर. त्यांची भाषा वेगळी, मुलूख वेगळा, पण अक्कल तीच: सगळ्या किल्ल्या एका हातात द्यायच्या नाहीत.

कॉम्प्युटरलाही कुलूप लागलं, त्याचं कारण असंच सामाईक वापराचं. १९६१ च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत एकच मोठं यंत्र अनेकजण वापरत. प्रत्येकाची फाईल वेगळी राहावी म्हणून फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्येकाला पासवर्ड दिला. पण सगळे पासवर्ड यंत्रातल्या एकाच फाईलमध्ये होते. १९६२ मध्ये ॲलन शेर नावाच्या संशोधकाला यंत्रावर जास्त वेळ हवा होता. त्यांनी ती फाईलच छापून घेतली! कुलपं सगळ्यांची वेगळी, पण किल्ल्या एकाच खुंटीला टांगलेल्या.

आता आपल्याकडे येऊ. २००९ च्या ऑगस्टपासून रिझर्व्ह बँकेने कार्डावरून ऑनलाईन खरेदी करताना जादा पडताळणी सक्तीची केली. मोबाईलवर येणाऱ्या ओटीपीची सवय आपल्याला अशीच लागत गेली. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातलं पहिलं आधार दिलं गेलं, ते एका बाईला. २०१४ मध्ये जनधन खाती आली. २०१५ मध्ये सरकारचं डिजिलॉकर आलं आणि कागद मोबाईलमध्ये ठेवायची सोय झाली. त्याच वर्षी गूगल फोटोजही आलं. लग्नाचे, बारशाचे फोटो आपोआप दूर कुठल्यातरी यंत्रावर जमा होऊ लागले.

सोय मोठी झाली, यात शंका नाही. दाखल्यासाठी तालुक्याला मारायचे हेलपाटे कमी झाले. पण या सगळ्या कुलपांना किल्ली एकच लागते, ती म्हणजे मोबाईल नंबर. आणि तो नंबर पुष्कळ घरांत मुलाचा, नवऱ्याचा नाहीतर भाच्याचा असतो. समजा, मुलगा कामाला पुण्याला गेला आणि इथे आईच्या खात्याचा ओटीपी मागितला. तो ड्युटीवर असला की आई बँकेच्या दारात ताटकळत उभी. खातं तिचं, आधार तिचं, अंगठा तिचा, पण किल्ली तिच्याजवळ नाही. ट्रंकेच्या काळात कमरेला असलेली किल्ली अशी न कळत सुटली.

नंबरचं आणखी एक आहे. बरेच दिवस वापर नसेल तर कंपनी नंबर बंद करते. बंद झालेला नंबर निदान ९० दिवस कोणाला देत नाहीत, त्यानंतर तो परक्याला मिळू शकतो. तुमच्या बँकेत जुनाच नंबर राहिला, तर तुमचे निरोप त्याच्या फोनवर जातील. गूगलचंही तसंच. २०२३ मध्ये त्यांनी नियम केला की दोन वर्षं न वापरलेलं खातं, आतल्या फोटो-फाईलींसकट, पुसलं जाऊ शकतं. फुकट मिळणारी जागाही १५ जीबीच. ती भरली की नवे फोटो जमा होणं थांबतं.

मग करायचं काय? गटात जे करतो तेच घरी करू या.

आपल्या खात्याला आणि आधारला आपला स्वतःचा नंबर जोडून घ्या. साधा बटणांचा फोन असला तरी ओटीपी येतो. गटाचे फोटो, ठराव, हिशेब एकीच्याच फोनमध्ये असतील, तर त्यांची प्रत दुसरीच्या फोनमध्ये किंवा पेनड्राईव्हवर ठेवा. कागदाचं रजिस्टर मात्र बंद करू नका. त्याला ना चार्जिंग लागतं ना पासवर्ड.

जुना फोन किंवा घरचा स्मार्ट टीव्ही विकताना, कोणाला देताना त्यातलं आपलं खातं साइन आउट करा आणि आतली माहिती पुसा. भाड्याने घर देताना आपण ट्रंक तिथेच उघडी ठेवून येतो का? व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक केलेली डिव्हाइस’ या ठिकाणी आपलं खातं आणखी कुठे चालू आहे ते दिसतं. महिन्यातून एकदा बघा. ओटीपी आणि पिन फोनवर कोणालाही सांगायचा नाही, बँकेचा साहेब म्हणवणाऱ्यालासुद्धा.

आणि पुढच्या बैठकीत एक काम करा. प्रत्येकीला विचारा, ‘तुझ्या खात्याला कोणाचा नंबर जोडलाय?’ उत्तरं रजिस्टरमध्ये मांडा. जिला सांगता आलं नाही, तिच्याबरोबर दोघींनी बँकेत जा. पासबुक आणि आधार बरोबर न्या आणि नंबर बदलण्याचा अर्ज भरा.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.