दळता दळता

‘जात्यावर बसलं की ओवी सुचते’ ही म्हण आता कामाला हात घालायला कचरणाऱ्याला ऐकवतात. सुरुवात कर, पुढचं जमेल, एवढाच तिचा अर्थ उरलाय. एके काळी ती अक्षरशः खरी होती. गावातल्या बाईला गाणं रचायला म्हणून वेळ कुणी दिला नव्हता. जो होता तो दळणाचाच.

तोही पहाटेचा. बाजरीचं पीठ ठेवलं की लवकर कडू होतं, त्यामुळे आठवड्याचं दळून डबा भरायची सोय नव्हती. रोजच्या भाकरीचं पीठ रोज. त्यानंतर सडा, पाणी, शेणघाण, चूल आणि उजाडल्यावर शेत, अशी कामांची रांगच उभी. जात्याची खालची तळी जागची हलत नाही, वरची मेखेभोवती फिरते. एक हात खुंट्यावर, दुसरा वैरण घालायला, म्हणजे मूठभर दाणे जात्याच्या तोंडात सोडायला. तान्हं मूल असेल तर ते मांडीवर. समोर जाऊ नाहीतर नणंद बसलेली असली की एकीची ओळ दुसरी उचलायची आणि दोघींच्या ओढीनं दगडही हलका व्हायचा.

ही रीत किती जुनी? चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावरचा ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ ११२९ सालचा. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, अशी नोंद त्यात आहे. ‘ज्ञानेश्वरी’ झाली १२९० मध्ये, म्हणजे दीडशेहून अधिक वर्षांनी. तिच्या छंदाचं नाव आणि मुसळाशी चालणाऱ्या या गाण्याचं नाव एकच, हे मराठी साहित्याच्या इतिहासात जरा ठळक अक्षरांत छापायला हरकत नव्हती. पुढे संत जनाबाईबरोबर साक्षात विठ्ठलच दळायला बसल्याची कथा रुजली. पंढरपूरजवळच्या गोपाळपूरला तिचं जातं आजही दाखवतात. देवानं दुसरं काही न करता खुंट्याला हात लावावा, ही कल्पना ज्यांना सुचली त्यांना दळणानं दंड कसा भरून येतो हे पक्कं ठाऊक असणार.

पहिली ओवी देवाची, हा शिरस्ता. मग माहेर, भाऊ, लेक, पंढरीची वाट आणि सासुरवास. घर झोपलेलं, वर दगडाची घरघर. दिवसाउजेडी जे बोलायची सोय नव्हती ते या आवाजाच्या आडोशानं बोलता यायचं.

खानदेशात जात्याला घरोट म्हणतात. बहिणाबाई चौधरी यांची त्याच नावाची कविता आहे. जन्म १८८०, जळगावजवळच्या आसोद्याचा. तेराव्या वर्षी लग्न, तिशीत वैधव्य, पदरात तीन मुलं आणि शेती. लिहिता-वाचता येत नव्हतं. तरीही चूल, मोट, पेरणी, उपणणी, सुगरणीचा खोपा हे सगळं कवितेत आलं, कारण ही कविता काम बाजूला ठेवून झालीच नाही, हात चालू असतानाच झाली. मुलगा सोपानदेव स्वतः कवी. घरच्यांनी वहीत टिपून ठेवलं म्हणून काही वाचलं. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या, त्यानंतर ती वही आचार्य अत्र्यांच्या हाती पडली आणि १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ छापून आली. जे टिपलं गेलं नाही त्याला तर हिशेबच नाही.

बाकीच्या बायकांची नावं ओवीबरोबर टिकली नाहीत. साने गुरुजी, कमलाबाई देशपांडे, सरोजिनी बाबर यांनी ओव्या गोळा केल्या. नंतर पुण्याच्या हेमा राईरकर आणि फ्रेंच अभ्यासक गी पॉइटवां यांनी सहकाऱ्यांसह हजाराहून अधिक गावांतून एक लाखावर ओव्या उतरवून घेतल्या आणि त्याही गाणारणीच्या नावागावासकट.

तोवर गावोगाव गिरणी आलेली होती. आधी इंजिनावरची, मग विजेवरची. जात्यासाठी कुणी हळहळलं असेल असं वाटत नाही. जातं ओढायचे कष्ट गेले, हे बरंच झालं. पण वाचलेला तास गाण्याच्या वाट्याला आला नाही, दुसऱ्या कामांनी तो गिळला. आता डबा गिरणीत ठेवून बाई परत येते, आणि गिरणीच्या आवाजात गाता येत नाही.

लग्नघरात मात्र जातं अजून माळ्यावरून खाली उतरतं. धुऊन पुसून, खुंट्याला हळकुंड-सुपारी बांधून सवाष्णी हळद दळायला बसतात. चार वेढे होतात. मग कुणीतरी घरातल्या म्हातारीला पुढे बसवतं, कारण पुढची ओळ तिलाच येते.