लोणारचा खार, आजीची बांगडी आणि तुमच्या हातातली काच

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलताना झालेले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ जमेल तेवढे काढलेत.

सुरुवात माझ्या फजितीपासून. दिवाळीत गावी येत होतो. मेहकर स्टँडवर एसटीतून उतरताना फोन हातातून सटकला आणि थेट फरशीवर. स्क्रीनवर कोळ्याचं जाळं! दुकानदार म्हणाला, पूर्ण डिस्प्ले बदलावा लागेल. घरी आजीला दाखवलं. ती म्हणाली, “काऊन रे, येवढा महाग फोन अन् बांगडीपेक्षा कच्चा?” मी म्हटलं, अगं काचच आहे, फुटणारच. तर म्हणते, “फुटली म्हनू नये, वाढली म्हनाव.”

तर माझा फोन ‘वाढला’. पण आजीचा प्रश्न डोक्यातून जाईना. बांगडीची काच आणि फोनची काच यांच्यात फरक काय? उत्तर शोधत गेलो आणि पोचलो कुठे, तर आपल्याच जिल्ह्यातल्या लोणारला.

आधी मुळात काच म्हणजे काय ते बघू. शाळेत प्रार्थनेला मुलं रांगेत उभी असतात ना, तसे मिठाच्या किंवा गारगोटीच्या स्फटिकात अणू ओळीने बसलेले असतात. आता विचार करा, मधल्या सुट्टीत सगळी मुलं पळतायत आणि कुणीतरी ओरडलं, ‘स्टॅच्यू!’ जो जिथे आहे तिथेच थिजला. काच म्हणजे हेच. वितळलेला पदार्थ इतक्या लवकर थंड होतो की अणूंना रांग लावायला वेळच मिळत नाही.

वाळू किंवा गारगोटीची पूड, म्हणजे सिलिका, वितळवली की काच मिळते. अडचण एकच, ती वितळायला साधारण 1700 अंश सेल्सिअस लागतात. लाकडाच्या भट्टीला हे झेपत नाही. मग जुन्या कारागिरांनी काय केलं? त्यात खार घातला. खार म्हणजे सोडा, सोडियम कार्बोनेट. तो सिलिकाची घट्ट साखळी मध्येच तोडतो आणि मिश्रण कितीतरी कमी तापमानाला वितळतं. नुसता सोडा घातला तर मात्र तयार झालेली काच पाण्यात विरघळते! म्हणून सोबत चुना लागतो. वाळू, खार, चुना. तुमच्या खिडकीची काच आजही याच तीन गोष्टींची बनते.

आणि हा खार लोणारच्या सरोवरात आयता मिळायचा. विवर सुमारे 1.8 किलोमीटर रुंद. पाणी आत येतं, पण बाहेर जायला वाट नाही. आजूबाजूच्या काळ्या दगडातून, म्हणजे बेसॉल्टमधून, क्षार घेऊन पाणी तळ्यात उतरतं, उन्हाने उडून जातं, क्षार मागे राहतात. हे हजारो वर्षं चालू आहे. पाण्याचा पीएच 10च्या आसपास, म्हणजे जवळजवळ साबणाच्या पाण्याइतका. उन्हाळ्यात पाणी मागे सरकलं की काठावर पांढरी पापडी धरते.

ही गोष्ट दिल्ली-आग्र्यापर्यंत माहीत होती. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलने 16व्या शतकाच्या शेवटी ‘ऐन-ए-अकबरी’ लिहिली. वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात तो मेहकरसोबत लोणारबद्दल लिहितो. इथे काच आणि साबण बनवायला लागणारं सगळं मिळतं, असं त्यात आहे. इंग्रजी भाषांतरात सोऱ्याचाही उल्लेख आहे आणि त्यातून सरकारला चांगला महसूल मिळतो असं म्हटलंय. सोरा हा शब्द लक्षात ठेवा, शेवटी कामाला येणार आहे.

इंग्रजांच्या काळात तर या क्षारांची सविस्तर वर्गवारी लिहून ठेवली गेली. दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी त्यांची गावातली नावं. बांगड्या, साबण, कापडाचा रंग, अशा कामांना हा माल जायचा. म्हणजे वऱ्हाडातल्या कुणाच्या तरी पणजीच्या मनगटावर लोणारचं पाणी किणकिणत होतं!

मग हे थांबलं का? खार संपला का? नाही. 1791मध्ये फ्रान्समध्ये निकोला लब्लांने मिठापासून सोडा बनवायची पद्धत शोधली. 1860च्या दशकात बेल्जियमच्या अर्नेस्ट सॉल्व्हेने मीठ, चुनखडी आणि अमोनिया वापरून त्याहून स्वस्त पद्धत बसवली. शुद्ध, एकसारखा सोडा टनांनी तयार व्हायला लागला. पुढे आपल्याकडेही आला, 1939मध्ये गुजरातेत मिठापूरला टाटा केमिकल्स सुरू झाली. लोणारच्या खाराचा दर्जा काही घसरला नव्हता. तो गोळा करणाऱ्यांचं कसबही कमी झालं नव्हतं. हजारो मैल दूर कुणीतरी तीच वस्तू स्वस्तात बनवली, एवढंच. मी कोड लिहून पोट भरतो. खरं सांगू, आजकाल रात्री झोपताना ही गोष्ट मला बऱ्याचदा आठवते.

आता खरी गंमत. लोणारला काचेचा कच्चा माल तर आहेच, पण तयार काचही आहे, आणि ती माणसाने बनवलेली नाही.

1823मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने या विवराची नोंद केली. आजूबाजूला सगळा ज्वालामुखीचा दगड, त्यामुळे हेही ज्वालामुखीचंच तोंड असणार, असं बरीच वर्षं अनेकांना वाटायचं. 1973मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात भारतीय आणि अमेरिकन शास्त्रज्ञांचा एकत्र निबंध आला आणि हे उल्काघाताचं विवर आहे हे ठामपणे मांडलं गेलं. पुरावा काय? मास्केलिनाइट. बेसॉल्टमध्ये फेल्डस्पार नावाचं खनिज असतं. त्याला प्रचंड धक्का बसला की ते न वितळताच काचेसारखं होतं. धक्का इतका जबरदस्त की अणूंची रांग जागच्या जागी विस्कटते. त्यासाठी लागणारा दाब हवेच्या दाबाच्या लाखो पट असतो, एवढा दाब कुठलाही ज्वालामुखी देऊ शकत नाही. हे मास्केलिनाइट पहिल्यांदा ओळखलं गेलं तेही भारतातच, 1865मध्ये बिहारमधल्या शेरघाटीला पडलेल्या उल्केत. आणि ती उल्का मंगळावरून आली होती!

आता आजीच्या प्रश्नाकडे येऊ. काच फुटते का? दाबली तर ती भरपूर ताकदवान असते, ताणली की कच्ची. 1921मध्ये ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज इंजिनिअरने कारण सांगितलं. काचेच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे बारीक ओरखडे असतात. ताण पडला की सगळा जोर त्या ओरखड्याच्या टोकाशी गोळा होतो आणि तडा धावत सुटतो. धातू अशा वेळी थोडा वाकून जोर पचवतो. काचेला वाकता येत नाही.

म्हणजे ओरखडा उघडूच द्यायचा नाही, ही युक्ती. फोनच्या काचेत सोडियम असतो, लोणारच्या खारातला तोच. ही काच सुमारे 400 अंशांना वितळलेल्या पोटॅशियमच्या क्षारात बुडवून ठेवतात. छोटे सोडियम आयन बाहेर पडतात, त्यांच्या जागी मोठे पोटॅशियम आयन घुसतात. तिघांच्या सीटवर चार जण बसलेली एसटी डोळ्यांसमोर आणा. पृष्ठभाग सगळ्या बाजूंनी दाबला जातो, त्यामुळे ओरखड्याचं तोंड मिटलेलं राहतं. 1960च्या दशकात हे तंत्र बाजारात आलं, पण घराघरात पोचलं ते 2007च्या आयफोननंतर. आणि तो पोटॅशियमचा क्षार कोणता? पोटॅशियम नायट्रेट. म्हणजेच सोरा. ‘ऐन-ए-अकबरी’तला शब्द तुमच्या खिशात सापडला की नाही?

तरी माझा फोन फुटलाच. कारण दाबाचा हा थर केसापेक्षाही पातळ असतो. खोल ओरखडा त्याच्या पलीकडे गेला की खेळ संपला. वाळूतले गारगोटीचे कण साध्या काचेपेक्षा कठीण असतात. म्हणून फोन ज्या खिशात, त्यात किल्ल्या नकोत आणि शेतातली मातीही नको.

लोणारला जाल तेव्हा एक विनंती. 2000पासून ते अभयारण्य आहे, नोव्हेंबर 2020मध्ये रामसर यादीतही आलं. तिथला चमकणारा खडा आठवण म्हणून खिशात टाकू नका. विवराचा पुरावा अशा खड्यांतच आहे, आणि तसा दुसरा मिळणार नाही.

जाता जाता एक काम देतो. आजीला दल्ला, खुप्पल हे शब्द विचारले, तिला आठवेनात. पापडखार मात्र लगेच आठवला, कारण पापड अजून घरी लाटतात. वापर थांबला की आधी शब्द जातो. तुमच्या घरात, ओळखीच्या कासाराकडे, लोणार-मेहकर-सुलतानपूरकडच्या कुणा म्हाताऱ्या माणसाकडे विचारून बघा. कुणाला यातलं काही आठवत असेल, तर त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून मला व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात ऐकवतो. तोवर फोन सांभाळा, वाढू देऊ नका!