सुडोकूखाली कुणाचं नाव असतं?

मंडळी, आज राजकारण नाही. आज पेपरातल्या त्या छोट्या चौकटीबद्दल, जी बरेच वाचक माझ्या बातमीच्या आधी उघडतात. सुडोकू.

पेन्सिल, खोडरबर आणि थोडा वेळ, एवढंच भांडवल. एकट्याने सोडवा, नाहीतर आजोबा-नातीने मिळून. 81 घरं. प्रत्येक आडव्या ओळीत, उभ्या ओळीत आणि तीन बाय तीनच्या चौकोनात 1 ते 9 हे आकडे एकेकदाच. बेरीज-वजाबाकीचं काही काम नाही. नाव जपानी, म्हणून खेळही जपानी असणार असं आपण धरून चालतो. तसं नाहीये.

आजच्या रूपातलं हे कोडं पहिल्यांदा छापलं गेलं अमेरिकेत, 1979 साली, डेल प्रकाशनाच्या कोड्यांच्या अंकात. तेव्हा नाव होतं 'नंबर प्लेस'. कोड्याखाली ते बनवणाऱ्याचं नाव नव्हतं.

कित्येक वर्षांनी न्यूयॉर्क टाइम्सच्या शब्दकोड्यांचे संपादक विल शॉर्ट्झ यांनी हा माणूस शोधला. पद्धत अगदी वार्ताहराची. जुने अंक काढले. सुरुवातीला कोडी पाठवणाऱ्यांची यादी असायची. ज्या अंकात नंबर प्लेस, त्या यादीत हॉवर्ड गार्न्स हे नाव. ज्या अंकात ते कोडं नाही, तिथे हे नावही नाही. झालं, सापडला! इंडियाना राज्यातले निवृत्त आर्किटेक्ट, कोडं छापलं तेव्हा वय 74. पण गार्न्स 1989 मध्येच वारले होते. आपलं कोडं जगभर पोचलेलं त्यांनी पाहिलंच नाही.

1984 मध्ये जपानच्या 'निकोली'ने ते उचललं. संपादक माकी काजी यांनी आधी लांबलचक नाव दिलं. अर्थ साधारण असा, की आकडा एकटाच, म्हणजे बिनलग्नाचा राहिला पाहिजे! मग त्याला कात्री लावून 'सुडोकू' केलं. या नावाचा ट्रेडमार्क निकोलीकडे जपानपुरताच होता. म्हणून गंमत बघा, जपानमधले इतर प्रकाशक याला 'नंबर प्लेस' म्हणतात आणि आपण अमेरिकन कोड्याला जपानी नावाने हाक मारतो.

तिसरा माणूस वेन गूल्ड. मूळचे न्यूझीलंडचे, हाँगकाँगमधले निवृत्त न्यायाधीश. 1997 मध्ये टोकियोतल्या पुस्तकाच्या दुकानात त्यांना हे कोडं दिसलं. सहा वर्षं खपून त्यांनी कोडी तयार करणारा कॉम्प्युटर प्रोग्रॅम लिहिला. 12 नोव्हेंबर 2004 ला लंडनच्या टाइम्समध्ये पहिलं कोडं आलं. पेपरांना ते कोडी फुकट द्यायचे, कमाई प्रोग्रॅमच्या विक्रीतून. वर्षभरात सुडोकू देशोदेशीच्या पेपरांत गेलं, आपल्याकडेही आलं.

आता माझा मुद्दा. कोडं कुलपात ठेवलं असतं, तर आपल्या तालुक्यापर्यंत ते आलंच नसतं. वाटल्याने वाढलं, हे मान्य. पण वाटणं वेगळं आणि नाव पुसणं वेगळं. कोड्याखाली दोन शब्दांचं नाव छापायला किती जागा लागली असती?

माझ्यासारख्याला हे जरा जास्तच लागतं. आमची कितीतरी मेहनतीची बातमी नुसत्या 'वार्ताहर' या शब्दाखाली जाते. पण प्रश्न फक्त पेपरवाल्यांचा नाही. यात्रेची स्मरणिका कुणी लिहिली? गॅदरिंगचं नाटक कुणी बसवलं? व्हॉट्सॲपवर फिरणारा गावाचा इतिहास मुळात कुणी गोळा केला? फॉरवर्ड करताना खालचं नाव आपणच उडवतो ना? गार्न्स यांचं नाव सापडलं, कारण कुणीतरी निदान यादी छापली होती. आपल्याकडे तेवढीही नसेल, तर पन्नास वर्षांनी कोण कुणाला शोधणार?

तुमच्या गावात असं बिननावाचं काम केलेलं कुणी आहे? त्यांना विचारून, त्यांचं नाव आणि काम खाली कमेंटमध्ये लिहा. यादी आपणच सुरू करू.